गुरुजींचा भक्कम अर्ज

आमचे तळोद्याचे घरमालक कुठलीही वस्तू हातात घेण्याआधी बोटांच्या पेरांनी तिच्यावर टकटक करायचे. दार असो, माठ असो, पपई असो. मी अकरावीला त्यांच्याकडे खोली घ्यायला गेले तेव्हा ओट्यावर त्यांनी आधी माझी पेटी वाजवली, मग माझ्या बापाचा खांदा वाजवला आणि विचारलं, "भक्कम शे का?" माझ्या बाला वाटलं पेटीचं विचारतात. तो म्हणाला, "लोखंडाची आहे, गुरुजी." गुरुजी इतके खूश झाले की तिथल्या तिथे खोलीची किल्ली काढून दिली.

अख्खा गाव त्यांना गुरुजीच म्हणायचा, म्हणून आम्हीही म्हणायला लागलो. सगळी नोकरी डोंगरातल्या शाळांमधून झाली होती. निवृत्त झाल्यावर तळोद्यात घर बांधलं आणि मागच्या अंगाच्या खोल्या वरच्या गावांतून शिकायला येणाऱ्या पोरींना दिल्या. बायको वारलेली, मुलगा सुरतेला. मुलगा बोलवायचा, पण हे जायचे नाहीत. "तठे कोणले काय शिकाडू?" म्हणायचे. शिकवल्याशिवाय या माणसाला जेवण पचत नव्हतं. दूधवाल्याला दुधाचं शिकवायचे, न्हाव्याला कात्रीचं. न्हावी तर त्यांना दुकानाकडे येताना पाहिलं की पाटी उलटी करायचा.

बोलायचे अहिराणी. पण कागदाशी बोलताना माणूस बदलायचा. अर्ज सांगायचा असला की उठून उभे राहायचे, सदऱ्याची वरची गुंडी लावायचे आणि जणू समोर साक्षात सरकार बसलंय अशा थाटात, "महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून," असं सुरू व्हायचं. मी एकदा म्हटलं, "गुरुजी, बसून सांगा की, कागद काही पळून नाही जात." तर म्हणाले, "बशीसन सांगेल अर्ज बशीच ऱ्हास." बसून सांगितलेला अर्ज बसूनच राहतो. आता यावर काय बोलणार!

त्यांच्या घरात एक वाक्य बंद होतं, "माहीत नाही." ते कुणी उच्चारलं की संपलंच. एकदा गॅसवाल्यानं मला विचारलं, गुरुजी कुठे गेले? मी म्हटलं, माहीत नाही. गुरुजी नेमके मागून आले. गॅसवाला राहिला बाजूला, माझीच शाळा सुरू झाली. "माहीत नही म्हणजे काय? तोंड शे ना तुले? इचार मंग!" अहो, पण विचारायचं कुणाला, तुम्हीच तर घरात नव्हता! पण ते ऐकतील तर शपथ.

या रागामागे एक कारण होतं, ते मला त्यांच्या जुन्या भाडेकरणीकडून कळलं. पूर्वी ते मुलांनाही खोल्या द्यायचे, आणि माझ्या आधी त्यांच्याकडे एक मुलगा शिकायला होता. त्याच्या जात पडताळणीला अधिकारी गावी गेले. त्याचा काका साहेबांची गाडी बघूनच घाबरला आणि प्रत्येक प्रश्नाला "माहीत नाही, माहीत नाही" म्हणत सुटला. त्या मुलाचं एक वर्ष गेलं, मग तो कंटाळून गुजरातेत ऊसतोडीला निघून गेला आणि परत आला नाही. गुरुजी त्याचं नाव घ्यायचे नाहीत. पण तेव्हापासून त्यांनी ठरवलं होतं, आपल्या कुठल्याही पोराच्या घरी "माहीत नाही" म्हणू द्यायचं नाही.

माझं डेंटलचं वेड वगैरे काही नव्हतं, खरं तेच सांगते. नीटचे मार्क आले, त्यात एमबीबीएस बसत नव्हतं आणि आमच्या आरक्षणातून सरकारी बीडीएस बसत होतं. एवढं साधं होतं. पण गुरुजींना साधं काही चालायचं नाही. "बठ्ठा सांगतस आम्हले डॉक्टर व्हनं शे. तुन्हं कारण काय शे?" सगळेच डॉक्टर व्हायचं म्हणतात, तुझं कारण काय? मी म्हटलं, मार्क. तर कपाळाला हात लावून बसले. मग मी सांगितलं की आईची दाढ सुजली होती, आठवडी बाजारात बसणाऱ्या एका माणसानं ती ओढून काढली, आणि नंतर आई पावसाळाभर एका बाजूनं जेवली. हेही खोटं नव्हतं. गुरुजी टुणकन उठले. "हाई कारण भक्कम शे!" आणि सदऱ्याची गुंडी लावली.

त्या दिवसापासून माझ्या अर्जाची तयारी सुरू झाली. आपल्याकडे अर्ज म्हणजे मार्क आणि दाखले, बाकी कुणी काही विचारत नाही. हे मी त्यांना किती वेळा सांगितलं! पण त्यांनी मोबाइलवर कुठेसं पाहिलं होतं की परदेशात दातांच्या कॉलेजला निबंध मागतात, डॉक्टरांकडे बसून काम पाहिल्याचं पत्र मागतात, हाताची कसरत बघतात. "आपला अर्ज तेस्नापेक्षा कमी कसाले पाहिजे?" म्हणाले. मग काय! मला गावातल्या दातांच्या डॉक्टरांकडे बसवलं. त्या बिचाऱ्यांनी मला कापसाचे बोळे करायला दिले आणि महिनाभर मी बोळे केले. निबंध लिहून घेतला, "मी दंतवैद्य का होऊ इच्छिते." त्यात आईची दाढ इतकी रंगवली की वाचून आईलासुद्धा रडू आलं असतं, वाचता येत असतं तर.

आणि साबण! डेंटलच्या पहिल्या वर्षाला मेणाचे दात कोरायला लावतात, हे त्यांना कुठून तरी कळलं होतं. मेण मिळेना, म्हणून न्हाणीतला लाल साबण माझ्या हातात दिला आणि एक पातळ सुरी. ओट्यावर बसून मी साबणाची दाढ कोरायचे आणि ते शेजारी बसून बघायचे. नमुना पाहिजे म्हणून एक दिवस त्यांनी तोंडातली कवळी काढली, धोतराच्या सोग्याला पुसली आणि माझ्या पुढ्यात ठेवली. "हाई घे. अभ्यास कर." शी! मी पळाले. पण दुसऱ्या दिवशी बघते तर कवळी परत तिथेच, वाटीत पाणी घालून, आणि बिनकवळीचे गुरुजी बोळक्या तोंडानं मला हुरूप देत बसलेले. शेवटी केली मी ती दाढ. चांगली झाली होती. गुरुजींनी तिच्यावर हळूच टकटक केलं, तुटू नये म्हणून अगदी हळू. त्या आठवड्यात आम्ही सगळ्या पोरींनी साबणाशिवाय अंघोळ केली.

हसले असेन, वैतागले असेन, पण एक सांगते. माझ्यासाठी इतकी खटपट आजवर दुसऱ्या कुणी केली नाही. बाला डेंटल म्हणजे काय हे नीटसं कळत नव्हतं. त्याला एवढंच माहीत होतं की गुरुजी म्हणतात ते झालं तर पोरगी मोठी होईल. आमच्या पाड्यातून तोवर कुणी कॉलेजात राहायला शहरात गेलेलं नव्हतं. बा जीपनं खाली आला की गुरुजींच्या ओट्यावर खाली बसायचा. गुरुजी खुर्ची द्यायचे, तो बसायचा नाही.

आता त्या पडताळणीचं. आम्ही पावरा, आदिवासी. आमच्या लोकांना जातीचा दाखला पुरत नाही, तो खरा असल्याचं वैधता प्रमाणपत्र लागतं. त्याशिवाय राखीव जागा हातात येत नाही. कधी कधी त्यासाठी अधिकारी घरी येतात, घरच्या मोठ्या माणसाला विचारतात, तुमचे देव कोणते, लग्न कसं करता, माणूस मेला तर काय करता. म्हणजे तुम्ही खरंच त्या जमातीचे आहात की नाही ते त्यांना कळतं. कॉलेजातून पडताळणीचा अर्ज वेळेत गेला होता, त्यात गुरुजींनी काही कसूर ठेवली नव्हती. नीटचा निकाल लागला त्याच सुमाराला निरोप आला की अमक्या दिवशी घरी चौकशीला येणार.

माझ्या बाला यातलं काय विचारायचं होतं? त्याचा जन्म त्यातच गेलेला. पावरा माणसाला पावऱ्याचे देव विचारले तर तो सांगेल, न सांगायला काय झालं! पण गुरुजींच्या डोळ्यांपुढे तो "माहीत नाही" म्हणणारा काका उभा राहिला. ते तालुक्याच्या वाचनालयात गेले आणि एक जाड जुनं पुस्तक घेऊन आले. कुणा साहेबानं कधी काळी डोंगरात फिरून आमच्या लोकांबद्दल लिहिलेलं. ते बगलेत मारून, जीपच्या मागच्या फळकुटावर बसून, त्या वयात, गुरुजी आमच्या पाड्यावर आले.

आणि त्यांनी माझ्या बाला पावरा व्हायला शिकवलं.

मला आजही ते डोळ्यांसमोर दिसतं. गुरुजी खाटेवर, बा खाली, मी दाराशी. गुरुजी वाचायचे, बा म्हणायचा. लग्नात देज, म्हणजे मुलीच्या बापाला द्यायची रक्कम, कोण ठरवतं? बा म्हणाला, पुजारा, म्हणजे पाड्याची पूजा करणारा, आणि गावातली चार डाही, जाणती माणसं. गुरुजींनी पुस्तकात पाहिलं, मान हलवली. "नही. मुलीचा मामा." बा म्हणाला, "मामा बसतो, पण..." गुरुजी म्हणाले, "मामा." बा म्हणाला, मामा. नव्या धान्याची पूजा कुठे? बा म्हणाला, शेताच्या कडेला. पुस्तकात घरातल्या मधल्या खांबाशी होती. बा म्हणाला, खांबाशी.

मी मधे बोलले. म्हटलं, "गुरुजी, प्रत्येक पाड्याची रीत थोडी वेगळी असते. बाला सांगू द्या ना त्याचं." त्यावर ते माझ्याकडे वळले आणि मी कधी विसरणार नाही असं बोलले. "पोर, जे छापेल शे तेच सरकार मानस. डोयाले दिसस ते नही." छापलेलं तेवढं सरकार मानतं, डोळ्यांना दिसतं ते मानत नाही. आयुष्यभर सरकारी शाळेत काढलेल्या माणसाचं ते बोलणं होतं, खोटं म्हणावं तर कसं?  बानं तर माझ्याकडे डोळे वटारले. गुरुजींना उलटं बोलते म्हणजे काय!

बा कधी शाळेत गेला नव्हता. या वयात त्याला शाळा मिळाली आणि ती त्यानं मन लावून केली. वखर धरताना पुटपुटायचा, बैल सोडताना पुटपुटायचा. आई हसायची. म्हणायची, म्हातारपणी याला भूत लागलंय.

चौकशीला एक साहेब आणि एक बाई आल्या. सांगते, चांगली माणसं होती. चालत वर आली, घामाघूम झाली होती, आईनं दिलेलं ताक प्यायली. बाई तर आईला म्हणाल्या, घर किती छान सारवलंय. त्यांनी बाला खाटेवर बसवलं आणि गप्पा मारल्यासारखं विचारायला सुरुवात केली.

"तुमच्या पाड्याचा वाघदेव कुठे आहे?"

आमचा वाघदेव घरासमोरच्या टेकाडावर, मोहाच्या झाडाखाली आहे. बसल्या जागेवरून दिसतो. येताना ही माणसं त्याच्याच पायथ्याशी दम खायला थांबली होती, बाईंनी त्याला हातही जोडले होते. त्याचा शेंदूर माझ्या बाच्या हातचा.

बानं हात गुडघ्यांवर ठेवले, नजर समोर लावली आणि म्हटलं, "गावाच्या पूर्वेस, वेशीबाहेर, सागवृक्षाखाली."

साहेबांनी टेकाडाकडे पाहिलं. मग बाकडे पाहिलं. "मग तो समोर शेंदूर लावलेला दगड कुणाचा?" बा घाबरला. पुस्तकात तो प्रश्नच नव्हता.  मी म्हटलं, "साहेब, तोच आमचा..." साहेब म्हणाले, "ताई, त्यांना बोलू द्या." आणि बानं काय करावं? त्यानं सगळं पहिल्यापासून म्हटलं. मामा, खांब, पूर्व दिशा, सगळं, एका दमात, मुलं पाढे म्हणतात तसं. "सागवृक्ष" असा शब्द माझ्या बाच्या तोंडून मी जन्मात ऐकला नव्हता. माहीत नाही असं तो एकदाही म्हणाला नाही.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. साहेबांनी लिहून घेतलं आणि गेले. जाताना बाई वळून वळून माझ्याकडे बघत होत्या. बा मात्र खुशीत होता. मला म्हणाला, "गुरुजींना सांग, एकही अक्षर गाळलं नाही." मी खाली येऊन गुरुजींना तसं सांगितलं. गुरुजींनी दाराच्या चौकटीवर जोरात टकटक केलं. "आते कसं भक्कम व्हयनं!"

पावसाळ्यात मला सरकारी डेंटल कॉलेजात जागा लागली. यादीत नाव पाहिलं तेव्हा गुरुजींनी ओट्यावर गूळ वाटला. न्हाव्यालासुद्धा बोलावून दिला. दोन पिशव्या भरून मी शहरात गेले, सोबत गुरुजी, आणि त्यांच्या बगलेत निबंध, बोळ्यांचं पत्र आणि रुमालात गुंडाळलेली साबणाची दाढ. खिडकीवरच्या माणसानं विचारलं, "वैधता?" गुरुजींनी पोचपावती दिली. तो म्हणाला, मूळ प्रमाणपत्र. गुरुजींनी निबंध पुढे केला. त्यानं तो उघडलादेखील नाही. त्याची तरी काय चूक, मागे रांग लागली होती. मुदत सांगितली, तोवर आणा, नाहीतर जागा पुढच्याला जाईल.

आम्ही पडताळणीच्या ऑफिसात गेलो. तिथे कळलं की चौकशीच्या अहवालात शंका आहे, म्हणून प्रकरण सुनावणीला ठेवलंय. सुनावणीची तारीख प्रवेशाच्या मुदतीनंतरची. गुरुजींनी विचारलं, "शंका कसली?" टेबलामागच्या माणसानं कागद वाचून दाखवला. उत्तरं पढवल्यासारखी वाटतात, प्रत्यक्ष ठिकाणाशी जुळत नाहीत. गुरुजी उभेच होते. सदऱ्याची वरची गुंडी लावलेली होती. त्यांनी "महोदय" एवढंच म्हटलं. मी त्यांना बाकावर आणून बसवलं. एसटीत बसल्यावर तळोद्यापर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते आणि मी दुसरीकडे. माझी जागा गेली होती, आणि ज्यानं घालवली तो माझ्या शेजारी बसून म्हातारा दिसत होता. राग आला होता मला, खूप आला होता. पण काढायचा कुणावर?

सुनावणीला आमच्या पाड्याचा पुजारा आला. त्याला कुणी शिकवलं नव्हतं. विचारलं ते त्यानं सांगितलं, येत नव्हतं तिथे माहीत नाही म्हणाला आणि मधेच तंबाखू खायला बाहेर जाऊ का म्हणून विचारलं. काम झालं. प्रमाणपत्र दिवाळीनंतर आलं. आम्ही पावरा आहोत, हे पक्कं झालं. माझी जागा तोवर दुसऱ्या कुणाला मिळून तिच्या मेणाच्या दाढा कोरून झाल्या असतील. पुढच्या वर्षी मी परत नीट दिली, पण मन लागलं नाही, मार्क खाली आले. लोणखेड्याच्या कॉलेजात बीएस्सी केलं. आता शहाद्याला एका दातांच्या दवाखान्यात आहे. डॉक्टरांच्या हातात आरसा देते, पेशंटच्या तोंडातली नळी धरते. डॉक्टर म्हणतात, तुझा हात हलका आहे. असं म्हणाले की मला त्या दिवशी जेवण जात नाही.

गुरुजी मागच्या उन्हाळ्यात गेले. मुलानं घर विकायला काढलंय.

पण ते शेवटचे आमच्या पाड्यावर आले होते तेवढं सांगायलाच हवं. जागेची मुदत संपली त्याच आठवड्यातली गोष्ट. मी घरीच होते, अंथरुणातून उठत नव्हते. जीपचा आवाज आला आणि बघते तर गुरुजी चढ चढून येतायत, रिकाम्या हातांनी. बानं धावत जाऊन त्यांना खाटेवर बसवलं. आईनं चहा ठेवला. एरवी दारात पाऊल ठेवताच चुलीपासून छपरापर्यंत सगळ्याचं शिकवणारा माणूस, पण त्या दिवशी नुसता बसून राहिला. कशावर टकटक नाही, काही नाही. मग बाकडे न बघता म्हणाले, "भाऊ, मन्ही चूक व्हयनी."

बाला ते कळलंच नाही. शब्द कळले, पण गुरुजी चुकतात हे त्याच्या डोक्यात शिरणार कसं? तो आत गेला. हातपाय धुऊन आला. धुतलेलं धोतर नेसून आला. आणि गुरुजींच्या समोर मांडी घालून, हात जोडून बसला.

"नाही गुरुजी, माझंच चुकलं," तो म्हणाला. "मला नीट पाठ झालं नाही, म्हणून पोरीचं गेलं. आता परत शिकवा. पहिल्यापासून सांगा, आमचे देव कोणते, आमचं लग्न कसं, आम्ही मेल्यावर काय करतो. या खेपेला मी चुकणार नाही."

गुरुजींनी तोंड उघडलं. ओठ हलले. मग त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. तसेच उठले, चपला न घालता उतारावरून जीपकडे चालू लागले. मी त्यांच्या चपला घेऊन मागे धावणार, तेवढ्यात बानं माझा हात धरला. त्याचा चेहरा मार बसलेल्या पोरासारखा झाला होता.

"गुरुजी रागावले," तो म्हणाला. "तू जा आणि त्यांना विचार, मी कुठं चुकलो."